गाडी एक, मालक अनेक

कवी आगगाडीवर बोलणार म्हटलं की शिटी, धूर, बोगदा आणि खिडकीतून हलणारा रुमाल हे सगळं ओघानं येणार, असा लोकांचा समज असतो. आज मी त्यातलं फारसं काही आणणार नाही. आज मला बोलायचं आहे भांडणाविषयी. वाफेच्या जुन्या गाड्या जपणारी, त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं एकमेकांशी का भांडतात आणि भांडण झाल्यावर गाडीचं काय होतं, हा आजचा विषय. ही हकीकत घडली ती दूर, ब्रिटनमधल्या वेल्समध्ये. पण ऐकता ऐकता तुम्हाला आपल्याच गावातलं काही आठवलं, तर नवल नाही.

वेल्सच्या वायव्य भागात डोंगर आहेत आणि त्या डोंगरांत पाटीचा दगड आहे. आपण लहानपणी ज्या पाटीवर अक्षरं गिरवली, तोच दगड. तिकडे तो घरांच्या छपरांवर घालतात. डोंगरातल्या ब्लायनाय फेस्टिनिओग या गावाजवळच्या खाणींतला दगड पोर्थमॅडॉग बंदरात न्यायचा, म्हणून १८३२ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्यानं फेस्टिनिओग रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८३६ साली गाडी सुरू झाली. सुमारे साडेएकवीस किलोमीटरचा मार्ग, रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट. तेव्हा इंजिन नव्हतं. दगडानं भरलेले डबे उतारावरून आपल्या वजनानं बंदराकडे यायचे, रिकामे डबे घोडे वर ओढून न्यायचे. उतरताना घोड्यांसाठीही गाडीत एक स्वतंत्र डबा असायचा. वर चढायचे श्रम त्यांचे, तर उतरताना बसून यायचा हक्कही त्यांचा! मला ही व्यवस्था फार न्याय्य वाटते.

१८६३ साली या रुळांवर वाफेचं इंजिन आलं. एवढ्या अरुंद रुळांवर इंजिन चालेल, यावर तोवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. १८७० साली तिथल्या इंजिनांच्या चाचण्या पाहायला देशोदेशींचे जाणकार जमले. डोंगर चढायला मोठी, महागडी रेल्वे लागत नाही, हे तिथं दिसलं. पुढं १८८१ साली दार्जिलिंगपर्यंत पोचलेली गाडी आणि १९०७ साली सुरू झालेली आपली माथेरानची गाडी, या त्याच दोन फुटी रुळांच्या धाकट्या बहिणी.

मग मालमोटारी आल्या, दगडाचा धंदा बसला, आणि १९४६ साली फेस्टिनिओगची गाडी थांबली. पण एक गंमत झाली. कंपनी ज्या कायद्यानं जन्माला आली होती, त्यात मार्ग कायमचा बंद करून मोडीत काढायची तरतूदच नव्हती. त्यामुळं रूळ जागच्या जागी राहिले. त्यांच्यावर झुडपं वाढली, इंजिनं गंजली, पण मार्ग वाचला. १९५१ साली काही हौशी मंडळी सभा घेऊन एकत्र आली. १९५४ साली अ‍ॅलन पेग्लर नावाच्या उद्योजकानं कंपनीची सूत्रं विकत घेतली आणि पुढं आपले भाग एका धर्मादाय विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केले. २३ जुलै १९५५ रोजी गाडी पुन्हा धावली, थोड्या अंतरावर का होईना.

इथून सुरू झाली स्वयंसेवकांची कथा. कारकून, शिक्षक, कारखान्यातले कामगार अशी माणसं सुट्टीच्या दिवशी स्वखर्चानं यायची आणि रूळ टाकायची, डबे रंगवायची. मार्गाच्या वरच्या भागात वीज प्रकल्पाचं धरण झालं आणि रुळांचा एक तुकडा पाण्याखाली जाणार हे ठरलं. कंपनी नुकसानभरपाईसाठी वर्षानुवर्षं भांडत राहिली. तिकडे १९६५ पासून स्वयंसेवकांनी फावडी आणि कुदळी घेऊन डोंगराच्या अंगावर नवा वळणमार्ग खोदायला घेतला. तेरा वर्षं ते काम चाललं. १९८२ साली गाडी अखेर ब्लायनाय फेस्टिनिओगला पोचली. अशा माणसांना ही गाडी 'आमची' वाटली, तर त्यांना दोष कोण देणार?

आता दुसरी गाडी. पोर्थमॅडॉगहूनच, पण उत्तरेकडे, स्नोडन पर्वताच्या पायथ्यानं जाणारी वेल्श हायलँड रेल्वे १९२३ साली पूर्ण झाली. तीही दोन फुटी. मार्ग देखणा, पण नशीब करंटं. प्रवासी मिळेनात, माल मिळेना. चार वर्षांत कारभार दिवाळखोरीकडे गेला. १९३४ साली फेस्टिनिओग कंपनीनंच तो मार्ग भाड्यानं चालवायला घेतला, पण तिलाही तो परवडला नाही. १९३७ साली गाडी बंद पडली आणि महायुद्धात, १९४१ साली, रूळ उखडून नेले. कंपनीच्या अवसायनाचा हुकूम निघाला १९४४ साली, पण ते अवसायन काही पुरं होईना. म्हणजे गाडी नाही, रूळ नाहीत, कंपनी नावापुरती, आणि डोंगरातून जाणारी रिकामी जमिनीची पट्टी सरकारी अवसायकाच्या दप्तरात. अशी चार-पाच दशकं गेली.

या पट्टीवरही जीव लावणारी माणसं निघालीच. १९६१ साली त्यांनी संस्था काढली, १९६४ साली कंपनी केली आणि १९८० साली पोर्थमॅडॉगमध्ये जेमतेम एक किलोमीटरची गाडी सुरू केली. त्यांची आशा अशी की, जिल्ह्याच्या काउंटी कौन्सिलनं ही पट्टी अवसायकाकडून घ्यावी, आपल्याला भाडेपट्ट्यानं द्यावी, म्हणजे आपण इंच इंच करत रूळ टाकत जाऊ.

एका बंदरगावात आता दोन गाड्यांचे दोन संसार झाले. इथं फेस्टिनिओगच्या संचालकांची बाजूही ऐकली पाहिजे. पर्यटक येणार उन्हाळ्याचे काही महिने. तो दिवसभरात एकाच गाडीत बसणार. वाफेचं इंजिन काही केवळ भावनेवर चालत नाही. ते सकाळी निघायचं तर कित्येक तास आधी भट्टी पेटवावी लागते. साधारण दहा वर्षांनी बॉयलर उतरवून, पूर्ण तपासून, दुरुस्त करून घ्यावा लागतो, आणि ते बिल पाहून भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतात. स्वयंसेवक फुकट राबले तरी कोळसा फुकट येत नाही. पगारी माणसंही ठेवावीच लागतात. ज्यांनी नुकताच आपला मार्ग पुरा केला होता आणि कर्जाचं ओझं वाहत होते, त्यांना शेजारी नवी गाडी उभी राहण्याची भीती वाटली, हे समजण्यासारखं आहे.

समजण्यासारखं नाही ते पुढचं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फेस्टिनिओग कंपनीनं अवसायकाकडे ती पट्टी विकत घेण्यासाठी गुपचूप बोली लावली. हेतू हा की, त्या जागेवर स्पर्धक गाडी उभी राहू नये. १९९०च्या सुमाराला ही गोष्ट फुटली. ज्या कंपनीला जुनी रेल्वे जगवण्यासाठी लोकांनी आपले रविवार दिले, तीच दुसरी जुनी रेल्वे जन्मू नये म्हणून पैसे मोजायला निघाली! गावातच नव्हे, तर देशभरच्या रेल्वेवेड्यांत वणवा पेटला. कालपर्यंत दोन्हीकडे जाऊन फावडं मारणाऱ्या माणसांना आता बाजू निवडावी लागली. फेस्टिनिओगच्या स्वतःच्या स्वयंसेवकांनाही हे कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या भाषेत या सगळ्याला नेमका शब्द आहे: भाऊबंदकी. परक्याशी माणूस जमीन किती आहे ते पाहून भांडतो. भावाशी भांडताना तो बांधावरच्या एका बाभळीसाठीही कोर्टाची पायरी चढतो, कारण तिथं प्रश्न बाभळीचा नसतो. 'बापाचं खरं कुणी केलं?' हा असतो. वेल्समध्येही तेच होतं. या गाडीचा खरा वारस कोण? कागद ज्याच्याकडे आहे तो? वर्षानुवर्षं जो राबला तो? की जो ती उद्या नीट चालवू शकेल तो?

बोभाटा झाल्यावर फेस्टिनिओग कंपनीनं पवित्रा बदलला. आम्ही अडवणार नाही, उलट कार्नार्वनपासून पोर्थमॅडॉगपर्यंतची अख्खी गाडी आम्हीच बांधू, असं तिनं जाहीर केलं. समोरच्यांनी विचारलं, काल गळा दाबायला आलेल्यानं आज बारशाला यावं हे आम्ही कसं मानायचं? त्यात तिसरा एक गट उभा राहिला. त्यानं जुन्या कंपनीचे भाग आणि कर्जरोखे गोळा करून मूळ कंपनीच जिवंत करायचं ठरवलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी १९९३च्या अखेरीस जाहीर सुनावणी झाली. एकाच गाडीवर प्रेम करणारी दोन बाजूंची माणसं वकील लावून समोरासमोर बसली. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याचा कौल काउंटी कौन्सिल आणि १९६४च्या कंपनीच्या बाजूनं गेला. पण अंतिम निर्णय मंत्र्यांचा. १९९४ साली वाहतूकमंत्री जॉन मॅकग्रेगर यांनी तो कौल बाजूला ठेवून पट्टी फेस्टिनिओगकडे देण्याचा निर्णय दिला.

कायद्यानं निकाल लागला. भांडण मात्र मिटलं नाही. कारण निकालानं जागा मिळते, माणसं मिळत नाहीत. १९९५ साली फेस्टिनिओगला राष्ट्रीय लॉटरीच्या पैशांतून मोठं अनुदान मंजूर झालं, १९९७ साली कार्नार्वनच्या टोकाला पहिला तुकडा सुरूही झाला. पण उरलेल्या मार्गाला सरकारी परवानगी हवी होती आणि तिथं विरोधक वेगळेच होते. गेल्या अर्ध्या शतकात त्या पट्टीशेजारी शेतं आली होती. डोंगरातल्या जुन्या बोगद्यांतून लोकांची पायवाट पडली होती. शेतकऱ्यांनी विरोध केला, पायी फिरणाऱ्यांनी केला, राष्ट्रीय उद्यानाच्या व्यवस्थापनानंही केला. वारसा जपणाऱ्यांना नेहमी वाटतं की, प्रश्न आपल्या दोन गटांतलाच आहे. मध्ये तिसरा माणूस असतो. त्याला दोन्ही गाड्या नको असतात आणि त्याचंही म्हणणं खरं असतं.

आणि बहुधा हेच लक्षात आल्यावर दोन्ही कंपन्या एका टेबलाशी बसल्या. जानेवारी १९९८ मध्ये करार झाला. १९६४च्या कंपनीनं फेस्टिनिओगच्या योजनेला विरोध सोडायचा, पोर्थमॅडॉगच्या बाजूनं मार्ग बांधायला हात लावायचा आणि आपली छोटी गाडी आपल्या नावानं चालवत राहायचं. कुरबुरी नंतरही झाल्या, अगदी सख्ख्या भावांत होतात तशा. पण फावडी पुन्हा जमिनीवर आली. १९९९ साली सरकारनं पुढच्या मार्गाला मंजुरी दिली. २००३ साली गाडी स्नोडनच्या पायथ्याला पोचली, २००९ साली बेडगेलर्टला, आणि २०११ साली कार्नार्वनच्या किल्ल्यापासून पोर्थमॅडॉगच्या बंदरापर्यंत चाळीस किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. तो ओढायला दक्षिण आफ्रिकेतून निवृत्त झालेली गॅरट जातीची मोठी इंजिनं आणली. पोर्थमॅडॉगमध्ये ही गाडी भर रस्त्यातून पूल ओलांडते. मोटारी थांबतात आणि गाडी थेट फेस्टिनिओगच्या जुन्या स्टेशनात शिरते. ज्या गाडीच्या भीतीनं गुपचूप बोली लावली होती, ती आज त्यांच्याच फलाटावर प्रवासी आणून सोडते.

श्रोतेहो, मी ही हकीकत 'शेवट गोड झाला' एवढं सांगण्यासाठी निवडली नाही. मधल्या काळात किती मैत्र्या तुटल्या, किती माणसांनी तिकडे फिरकणं सोडलं, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात नसतो. आमच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयात एकदा दोन समित्या झाल्या. दोघींनी दाराला आपापलं कुलूप लावलं. दोन्ही समित्यांतली माणसं सज्जन होती, पुस्तकवेडी होती. पण वर्षभर गावातल्या एकाही पोराला तिथून पुस्तक मिळालं नाही. उंदरांना आणि वाळवीला मात्र दोन्ही समित्यांची परवानगी होती.

मला वाटतं, अशा भांडणात आपण प्रश्न चुकीचा विचारतो. आपण विचारतो, हे कुणाचं? विचारायला हवं, याचा जबाब कोण देणार? आम्हा मुसलमानांत वक्फाची मिळकत असते आणि तिचा मुतवल्ली असतो. मुतवल्ली मालक नसतो. मिळकत सांभाळायची, तिचं उत्पन्न ठरलेल्या कामालाच लावायचं आणि हिशेब द्यायचा, एवढंच त्याचं काम. हिंदू देवस्थानांत यालाच विश्वस्त म्हणतात. कल्पना तीच. या पदावरचा माणूस स्वतःला मालक समजू लागला की काय होतं, तेही आपण दोन्हीकडे पाहिलं आहे. जुनी रेल्वे ही अशीच मिळकत आहे. जे बांधून गेले ते नाहीत, जे पुढं बसणार ते जन्मले नाहीत. मधल्या माणसांच्या हाती फक्त सांभाळ आहे. फेस्टिनिओगच्या संचालकांची खरी चूक स्पर्धेला भिण्याची नव्हती. ती होती लपवण्याची. 'दोन गाड्या परवडणार नाहीत, या, हिशेब मांडू,' असं ते पहिल्याच दिवशी मोकळेपणानं म्हणाले असते, तर १९९८चा करार बराच आधी झाला नसता का?

आता शेवटी थोडं आपल्या घरचं. माथेरानची गाडी बांधली ती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात सुमारे सोळा लाख रुपये खर्चून नेरळपासून डोंगरावर रूळ चढवले. पुढं गाडी सरकारी रेल्वेकडे आली. १९८२ साली वाफेची इंजिनं निवृत्त झाली. २००५च्या जुलैतल्या पावसानं मार्ग उद्ध्वस्त केला, तो २००७ साली सुरू झाला. २०१६ साली डबे घसरल्यामुळं गाडी थांबली, २०१८ साली पुन्हा नेरळहून निघाली. २०१९च्या पावसात रूळ पुन्हा वाहून गेले, ते २०२२च्या ऑक्टोबरात जागेवर आले. दरम्यान ऑगस्ट २०२१ मध्ये नीती आयोगानं सरकारी मालमत्ता ठरावीक काळासाठी खासगी हातांत देऊन पैसा उभा करण्याची जी यादी जाहीर केली, तिच्यात चार डोंगरी रेल्वे होत्या. माथेरानची त्यांतली एक.

अशी बातमी आली की आपल्याकडे दोनच सूर निघतात. एक म्हणतो, विकून टाकलं. दुसरा म्हणतो, बरं झालं, आता तरी नीट चालेल. वेल्सची हकीकत सांगते की खासगी, सरकारी, स्वयंसेवी यांपैकी कोणत्याही पाटीत जादू नाही. तिथली कंपनी खासगी होती, तिचे भाग विश्वस्त संस्थेकडे होते, राबणारे हात स्वयंसेवकांचे होते आणि अनुदान सार्वजनिक होतं. चौघांनी मिळून गाडी उभी केली, आणि भांडले तेव्हा चौघंही त्यात होते.

म्हणून कोणीही गाडी चालवायला आलं, तर आपण नागरिकांनी चार साधे प्रश्न विचारावेत. पावसात दरड कोसळली, तर दुसऱ्या दिवशी तिथं कोण जाणार आणि कुणाच्या पैशानं? गाडी बंद असते त्या महिन्यांत रुळांवर आणि कारखान्यात काम करणाऱ्यांचा पगार चालू राहणार का? माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. तिथं राहणाऱ्या माणसाला, शाळेच्या पोराला, हमालाला परवडेल असं तिकीट राहणार का, की सगळेच डबे पर्यटकांचे? आणि चौथा, सगळ्यांत महत्त्वाचा: करार सगळ्यांना वाचायला मिळणार का, की तो कुणाच्या दप्तरात बंद राहणार?

चौथ्याचं उत्तर मिळालं, तर पहिल्या तिघांवर वेळेत भांडता येतं. भांडण वाईट नसतं. ते उजेडात आणि गाडी चालू ठेवून करावं, एवढंच माझं म्हणणं.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)